न वाजलेले दोन तास

सकाळी साडेनऊला आवाजवाल्याचा फोन आला तेव्हा माझा डावा हात कोमट पाण्याच्या पातेल्यात होता. गेलं वर्षभर रोज सकाळी वीस मिनिटं मी हा हात असा शिजायला घालतो. अनामिका उठल्या उठल्या वाकत नाही, तिची आधी मनधरणी करावी लागते. फोन उजव्या हातानं कानाला लावला. आवाजवाला म्हणजे आमच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या मागे बसून कोणाचा आवाज सभागृहात किती सोडायचा ते ठरवणारा माणूस. बावीस वर्षं आमच्याबरोबर आहे आणि या बावीस वर्षांत त्यानं मला सकाळी कधी फोन केलेला नाही. तो म्हणाला, "खर्जदादा, एकटेच आहात का?" मला सगळे खर्जच म्हणतात, बास गिटार वाजवणाऱ्याला दुसरं काय म्हणणार. बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, आहे. मग तो म्हणाला, "काल तुमचं बटण बंद राहिलं." मी खुळ्यासारखं शर्टाकडे पाहिलं.

"दुपारी सगळं तपासत होतो तेव्हा तुमच्या तारेत गुणगुण येत होती, आठवतं? ती कुठून येतेय ते शोधायला मी तुमचा सभागृहाकडे जाणारा आवाज बंद केला. वायर बदलली. तेवढ्यात बाईंचा माइक बिघडला म्हणून तिकडे धावलो. तुमचं उघडायचं राहूनच गेलं." मी विचारलं, मग कार्यक्रमात तुला कळलं नाही? तो म्हणाला, "सर्दीनं दोन दिवस कानांना दडे बसलेत. खाली काहीतरी घुमतंय असं वाटत होतं. तो मोठा ड्रम असणार, नाहीतर मास्तरांचा कीबोर्डवरचा डावा हात. आज सकाळी कालचं रेकॉर्डिंग लावलं. तुम्ही कुठंच नाही आहात, दादा. दोन तास दहा मिनिटं." मला मात्र काल सगळं लख्ख ऐकू येत होतं. तीन वर्षांपूर्वी बाईंनी, म्हणजे आमच्या गायिकेनं, मंचावरचे मोठे स्पीकर काढायला लावले, तेव्हापासून आम्ही सगळे कानात इयरफोनची बोंडं घालून वाजवतो. बोंडात आपला आवाज, बाईंचा, ड्रमचा, सगळं येतं, फक्त सभागृहात काय चाललंय ते येत नाही. कोणी काही बोललं का, मी विचारलं. "नाही ना, तेच तर सांगतोय. कोणीच नाही," तो म्हणाला, आणि हे त्यानं माझ्या समाधानासाठी सांगितलं. सभागृहात बावीसशे खुर्च्या आहेत आणि काल एकही रिकामी नव्हती. मग त्यानं हात जोडल्यासारख्या आवाजात सांगितलं की हे मंडळींत कुठं बोलू नका, पुढच्या दौऱ्याला माझ्या जागी नवा माणूस घ्यायचं आधीच घाटतंय. तुम्हालाही सांगणार नव्हतो, पण राहवलं नाही. मी म्हटलं, असू दे रे, होतं असं. पातेल्यातलं पाणी तोवर गार झालं होतं.

बायको रिकामी बादली घेऊन आत आली. "कोणाचा फोन?" मी म्हटलं, आवाजवाल्याचा, सहज. "सहज?" असं म्हणून ती माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली आणि बादली ठेवायला गेली. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही काल तिथं होती. अकरा वर्षांनी आली होती, चौदाव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. बाईंबरोबर मला तीस वर्षं झाली म्हणून मीच आग्रह केला होता. परत येताना गाडीत मी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, छान झालं. मी विचारलं, आणि माझं? ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुमचं नेहमीसारखं." त्यावर मी खूश झालो होतो. घरी येऊन शीळ घालत बूट काढले होते.

काल खरोखर बरं वाजलं होतं, हेच तर दुःख. वर्षात दोन-तीनदाच असा दिवस येतो की बोटं दुखत नाहीत, ड्रमवाला आणि मी एकाच वेळी श्वास घेतोय असं वाटतं, आणि एक सूर संपून दुसरा सुरू होण्याआधीच्या त्या एवढ्याशा फटीत माणसाला अख्खं आयुष्य बरं गेल्यासारखं वाटतं. काल बाईंच्या संथ गाण्यात मी एक जागा अशी घेतली होती की मला स्वतःलाच हसू आलं. आता ती जागा कुठं आहे? रेकॉर्डिंगमध्ये नाही, बावीसशे माणसांच्या कानांत नाही. माझ्या बोंडात होती, ती काढून डबीत ठेवली. माणूस स्वप्नात तासभर भाषण ठोकतो आणि शेजारी झोपलेल्याला नुसते ओठ हललेले दिसतात, तसं मी काल केलं. फरक एवढाच की मी इस्त्रीचा काळा शर्ट घालून, दिव्यांच्या उजेडात उभा राहून ते केलं.

वडील लिफ्टचे मेकॅनिक होते. मी बास गिटार घेतली तेव्हा त्यांनी चारच तारा मोजून विचारलं, दोन तुटल्या का? खरं सांगायचं तर ती मी निवडलेलीही नाही. आम्ही चार मित्र, त्यांतल्या तिघांना गिटारच वाजवायची होती, आणि ज्याच्या तोंडातून नाही लवकर निघत नाही त्याच्या वाट्याला उरलेलं येतं. वडील एकदाच कार्यक्रमाला आले. संपल्यावर बाहेर उभं राहून म्हणाले, "त्यात तुझं कुठलं होतं?" मी म्हटलं, ते खाली घुमत होतं ना, ते. त्यांनी डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितल्यासारखी मान हलवली. पण चार पावलं चालल्यावर थांबले आणि म्हणाले, "आमच्यासारखंच की मग. लिफ्ट चालू असते तोवर मला काळं कुत्रं विचारत नाही. बंद पडली की अख्ख्या इमारतीला माझा नंबर पाठ असतो." त्या एका वाक्यावर मी तीस वर्षं काढली. कोणी विचारलं की बास म्हणजे नक्की काय करते हो, की मी ऐटीत सांगायचो, ती आहे तोवर कळत नाही, पण काढून बघा, गाणं जागच्या जागी कोसळेल. माझ्या मुलीनं शाळेतल्या निबंधात हे लिहिलं होतं. काल ती काढली. दोन तास दहा मिनिटं काढून ठेवली. गाणं उभं राहिलं, टाळ्या पडल्या, बाईंना दोनदा परत यावं लागलं. लिफ्ट दोरावाचून वरखाली जात राहिली आणि माणसं आपापल्या मजल्यावर उतरून घरी गेली. वडील आता नाहीत. असते तर त्यांना काय सांगितलं असतं कोण जाणे.

अकरा वर्षांपूर्वी बायकोनं यायचं का सोडलं तेही सांगायला हवं. कार्यक्रमाच्या शेवटी बाई मागच्या मंडळींची ओळख करून देतात. गिटारवाला, मास्तर, ड्रमवाला, प्रत्येकाला त्या दोन वाक्यं देतात आणि तो थोडं एकटं वाजवून दाखवतो. त्या दिवशी तिघांची झाली आणि बाईंनी माझ्याकडे हात केला. त्यांचं तोंड उघडलं, आणि त्यांना माझं नाव आठवेना. एकोणीस वर्षांनंतर. माणसाचं होतं असं, मला राग नव्हता. बाई हसून म्हणाल्या, "आणि हे आमचे मागचे," आणि गाणं सुरू केलं. तेव्हापासून मंडळींत कुठंही गेलं की 'मागचे आले का' हा विनोद चालतो, मीही तो करतो. बायको मात्र घरी येऊन स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "मला सूर कळत नाही, ताल कळत नाही, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण माणसाची किंमत कळते. मी परत येणार नाही." ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते, केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नाही, पण गाणं म्हणजे तिला खरंच आंधळ्याला आरसा. स्वतःशी गुणगुणते तेव्हा एकच सूर सगळ्या शब्दांना वाटून देते. लग्नानंतर मी हौसेनं तिला बसवून शिकवायला गेलो होतो, हे गिटारचं, हे माझं, आता डोळे मिटून ओळख. तिनं दहापैकी नऊ वेळा चूक सांगितलं आणि दहाव्यांदा माझ्या हाताकडे चोरून पाहिलं. पुढं आम्ही तो नाद सोडला. अशा बाईला काल मी नव्हतो हे कळलं असेल अशी आशा कुठल्या तोंडानं करायची? आणि तरी सकाळपासून मी तीच आशा धरून बसलो होतो. बावीसशे लोकांनी ओळखलं नाही हे मी गिळलं असतं. तिनंही ओळखलं नसेल तर मात्र तीस वर्षं मी एका बंद बटणापुढं वाजवलं, असा त्याचा अर्थ होत होता. आणि सरळ विचारायची माझी छाती होईना. "तुमचं नेहमीसारखं." हे वाक्य मी चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. न कळता म्हटलं असेल तर ते निरर्थक होतं. कळून म्हटलं असेल तर ती माझ्याशी खोटं बोलली होती, आणि मला तेच हवं होतं.

अकराच्या सुमारास मी ड्रमवाल्याला फोन केला, उगाच हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि हळूच विचारलं, काल माझं कसं वाटलं रे? "काल तू आग लावलीस, खर्ज," तो म्हणाला. त्याच्याही कानात बोंडं होती, त्याचं प्रमाणपत्र काय कामाचं. मग मोबाइलवर कालच्या कार्यक्रमाबद्दल कोणी काही लिहिलंय का ते शोधलं. एका समीक्षकानं लांबलचक लिहिलं होतं. बाईंच्या आवाजाला वयानं आलेली खोली, प्रकाशयोजना, वगैरे. आणि शेवटच्या परिच्छेदात, मी दोनदा वाचलं, 'बास गिटारच्या भक्कम पायाचा उल्लेख करायलाच हवा.' तीस वर्षांत माझ्या वाद्याचा लेखी उल्लेख हा पहिला. मी इतका हसलो की बायको दारात येऊन उभी राहिली. "काय झालं?" काही नाही, म्हटलं, एक विनोद वाचला. ती तशीच उभी होती. तिचे डोळे लाल दिसत होते, पण सुट्टीच्या दिवशी ती कपाटं आवरते आणि धुळीनं तिचे डोळे लाल होतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पाच वाजता व्यवस्थापकाचा फोन यायचा होता. पुढच्या दौऱ्याला मी येतोय की नाही हे आज सांगायचं होतं. आठ महिने, चाळीस गावं. कालपर्यंत यात सांगण्यासारखं काही नव्हतं, हो म्हणायचं आणि बॅग काढायची. आता मी खुर्चीत बसून नकाराची वाक्यं जुळवू लागलो. हात साथ देत नाही असं सांगता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं, पण ते मी मंडळींपासून वर्षभर लपवलं होतं आणि आता तेच पुढं करायचं म्हणजे आजवर पांघरलेलं स्वतःच्या हातानं ओढून काढणं. घरी कारण आहे म्हणावं. की नुसतं नाही म्हणावं? मला एकदम भीती वाटली. नाही म्हटल्यावर ते म्हणतील, बरं. एवढंच म्हणतील. आठवड्याभरात कोणीतरी नवा माझ्या जागी उभा राहील, बाई त्याचंही नाव विसरतील, आणि मी या खुर्चीत सकाळी हात शिजत घालून बसेन, पुढं काही वाजवायचं नसताना. बोटांना कोणासाठी वाकवायचं मग? अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला नवं काही शिकता येत नाही असं नाही, पण मला नुसतं खाली राहायला येतं. दुसऱ्यांचं वर चाललेलं असताना खाली राहायचं, घाई करायची नाही, पुढं यायचं नाही, आणि हे करताना कंटाळायचं नाही. ही कला आहे असं मी समजत होतो. आज पहिल्यांदा शंका आली की हा नुसता स्वभाव असेल, आणि मी त्याला वाद्य जोडून दिलं असेल.

दुपारी जेवताना तिनं माझ्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं. जेवणानंतर तिनं माझा कालचा काळा शर्ट धुतला, तो वाळायच्या आत इस्त्री केला, आणि कपाटात इतर शर्टांच्या मागं, अगदी भिंतीला टेकून लावला. मग गॅलरीचं दार बाहेरून ओढून घेऊन मुलीला फोन केला. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. एरवी मुलीचा फोन म्हणजे अर्ध्या इमारतीला ऐकू जातो. मी मनात म्हटलं, माझ्याविषयी काही चाललंय की काय, आणि लगेच स्वतःला झापलं, की अरे, सगळं जग तुझ्याविषयीच बोलतं असं कधीपासून वाटायला लागलं तुला?

चारच्या चहाला ती समोर येऊन बसली. कप तिनं तोंडाला लावलाच नाही. म्हणाली, "पाचला त्यांचा फोन येईल ना? नाही म्हणून सांगा."

मी तेच सांगणार होतो, पण तिच्या तोंडून ते ऐकायची माझी तयारी नव्हती. "का गं?"

"का म्हणजे काय. पुरे झालं. हात दुखतो. दोघंही घरात असू तर बरं पडेल. मुलगीही म्हणत होती."

"मुलगी काय म्हणत होती?"

ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. तिला खोटं बोलायची सवय नाही, दोन वाक्यांत दम लागतो. मग एकदम म्हणाली, "अहो, त्यांनी तुमचं बंद केलं होतं काल."

मी हातातला कप खाली ठेवला.

"तुमच्या हाताचं त्यांना कळलेलं दिसतंय," ती म्हणाली. आता तिला थांबता येईना. "कळलं तर सांगायचं ना तोंडावर. तीस वर्षं काढलेला माणूस. तर नाही, तिथं उभं करायचं, दिवे सोडायचे अंगावर, आणि आवाज बंद. तुम्ही इतके रंगात होता हो. मान हलवत होता. एकदा तर स्वतःशीच हसलात. आणि मला दिसतंय की बोटं चाललीत आणि येत काहीच नाही. मला वाटलं, उठून त्या बाईला जाऊन विचारावं. गाडीत तुम्ही विचारलंत, माझं कसं झालं, तर काय सांगू मी तुम्हाला?" ती रडत नव्हती, पण तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "म्हणून म्हणते, त्यांनी काढायच्या आधी आपणच निघू."

माझी बायको माझ्यासमोर माझ्या अपमानाचं दुःख करत बसली होती, आणि मला आनंद होत होता. लाज वाटावी इतका आनंद. तिला ताबडतोब सांगायला हवं होतं की अगं, तसं काही नाही, एका सर्दी झालेल्या माणसाची चूक आहे ती. पण मी ते सांगितलं नाही. मला आधी आणखी थोडं हवं होतं. मी विचारलं, "तुला कितव्या गाण्याला कळलं?"

"पहिल्याच."

"पण तुला सूर कळत नाही."

"सूर कोणाला हवाय? मी पायांनी ऐकते तुम्हाला. सुरुवातीपासून. दिवे गेले की चप्पल काढून ठेवते आणि पाय जमिनीला टेकवून बसते. बाकीच्यांचं काय ते वर चालतं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुमचं तेवढं खालून येतं. तळपायांना कळतं, हां, आता इकडे गेले, आता थांबले." हे तिनं भाजीचा भाव सांगावा तशा सुरात सांगितलं. एकतीस वर्षांच्या संसारात हे ती कधी बोलली नव्हती, आणि मी कधी विचारलं नव्हतं. "काल पहिलं गाणं लागलं आणि पायाला काही लागेचना. ड्रमचे नुसते धक्के. मला आधी वाटलं, वय झालं, माझेच तळवे बधिर झाले."

मग मी तिला सगळं सांगितलं. वायर, बाईंचा माइक, कानाचे दडे, सकाळचा फोन. ती आधी विश्वास ठेवेना. मग ठेवला, आणि आवाजवाल्याचा असा उद्धार केला की त्याला तिकडे ठसका लागला असेल. मग हसली. मग हसता हसता, सकाळपासून जे अडवून ठेवलं होतं ते तिला अडवता येईना, आणि ती पदरानं डोळे पुसत राहिली. आतल्या खोलीत माझा फोन वाजू लागला. पाच वाजायला अजून दहा मिनिटं होती, पण व्यवस्थापक घाईचा माणूस आहे. मी उठलो आणि दारात थांबलो.

"पहिल्याच गाण्याला कळलं, मग उठून का नाही आलीस बाहेर? दोन तास काय करत होतीस तिथं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की यात विचारण्यासारखं काय आहे. "दरवेळी वाटायचं, पुढच्या गाण्याला येईल," ती म्हणाली. "तशीच बसले मग, पाय टेकवून."